सारजाबाईचं जोतं अन् माझी खिडकी

आमच्या कॉलनीत कुणालाबी विचारा, सारजाबाई कशी हाय? सगळे एका तोंडानं सांगतील, लई चांगली बाई. मला तेवढं विचारू नका. विचारलंत तर खरं सांगावं लागंल, अन् खरं हे हाय की तिचं नाव निघालं की मला ते ऐकवत न्हाई. आजचं न्हाई, सदतीस-अडतीस वर्षांचं हाय हे. ती मेंढरामागं अनवाणी हिंडत होती तवाबी मला तिचा हेवा वाटायचा, अन् आता तर ती माझ्या शेजारी, माझ्यापेक्षा उंच घर बांधून बसलीय. मग काय सांगू? जळते मी. बोलून टाकलं, सुटले.

मी वनमाला. आमचं गाव केजपासून दोन कोसावर. शेती तिथं, अन् राहायला आमी केजच्या या जुन्या कॉलनीत. एकच लेक, राम. तो अन् सूनबाई आरोही पुण्याला. इथं मी अन् आमचे मालक, अर्जुनराव. त्यांना अजून चौकात लोक उठून नमस्कार घालतात. कॉलनी बसली त्या दिवसापासून अध्यक्ष तेच.

सारजाबाईला मी पहिल्यांदा बगितलं ते लग्न होऊन आले त्या साली. उन्हाळ्यात रानात मेंढरं बसवायची चाल होती. मेंढरंवाले कळप घेऊन यायचे, चार-सहा रात्री आपल्या मोकळ्या वावरात बसवायचे. वावराला खत मिळायचं, त्यांना ज्वारी. त्या साली हरिबा अन् त्याची बायको सारजा आलते. सासूबाईंनी मला ज्वारीची पाटी डोक्यावर देऊन धाडलं. जाऊन बगते तर दोघं लिंबाखाली एका ताटात जेवत बसलेले. हरिबा भाकरी मोडून तिच्यापुढं सारत होता अन् ती खुशाल खात होती. आमच्यात नवरा उठल्यावर त्याच्या ताटात बसायचं. मी पाटी उतरवायची इसरले अन् तशीच बगत राहिले.

"या की वैनी," सारजा म्हणली. "तुमच्या मोठ्या घरातून आमची मेंढरं दिसत असतील बगा."

"न्हाई दिसत. सैपाकघराला खिडकी न्हाई," मी म्हणलं.

तिनं हरिबाकडं बगितलं, मग माझ्याकडं, अन् फिसकन हसली. "आग्गं बया! मग दिवस उगवला ते कसं कळतंय तुमाला?"

वाईट मनानं न्हाई हसली, हे मला तवाबी कळलं होतं. पण कुसळ रुतायचं ते रुतलं. जिच्या डोक्यावर छप्पर न्हाई ती बाई पाटलाच्या सुनेची कीव करती, म्हणजे काय! घरी येऊन चुलीपुढं बसले तर खरंच, बाहेर ऊन हाय का सांज झाली, काही कळंना. त्या दिवसापासून ती बाई माझ्या डोळ्यांत सलायला लागली.

पुढं दोन-तीन वर्षांनी केजला ही कॉलनी बसली. मालकांनी प्लॉट घेतला. घराचा नकाशा आणला, बैठकीत पसरला, चार माणसं वाकून बसली. दिवाणखाना एवढा, देवघर तेवढं, जिना इकडून. मी चहा घेऊन तीनदा आत-बाहेर केलं, पण बाई, तुला काय पायजे, असं कुणी विचारलं न्हाई. मग मीबी जिद्द धरली. दोन दिवस अन्नाला शिवले न्हाई. सैपाकघराला उगवतीकडं खिडकी पायजे म्हणजे पायजे. हे डोकं खाजवत बसले. मग म्हणले, "बरं बाई, काढू."

निघाली. चार फूट रुंद, तीन फूट उंच, हिरवा रंग, दोन झडपा. त्या आख्ख्या घरात माझं म्हणावं असं काही असंल तर ती खिडकी. "बाहेर तीन फूट जागा आपलीच हाय," असं ह्यांनी सांगितलं, म्हणून मी तिथं कढीपत्ता लावला. पलीकडचा प्लॉट मोकळा. सकाळी ऊन थेट माझ्या परातीत पडायचं. पस्तीस वर्षं मी त्या उन्हात भाकऱ्या थापल्या, अन् दर सकाळी मनातल्या मनात सारजाला म्हणायचे, बघ, कळतंय मला दिवस उगवलेला.

कॉलनीचे नियमबी तवाच झाले. एका मास्तरांनी सुरेख अक्षरात लिहून, काच लावून मारुतीच्या देवळात टांगलेत. अजून हायत. समोर दहा फूट मोकळं सोडायचं. दोन्ही अंगांना तीन-तीन फूट. जोतं, म्हणजे घराचा चौथरा, रस्त्यापासून दोन फूट उंच, त्याच्या वर न्हाई. मजला एकच चढवायचा. दारात जनावर बांधायचं न्हाई. नवीन कुणी बांधायला आलं की आमचे मालक त्याला आधी देवळात न्यायचे अन् काचेवर बोट ठेवून एकेक नियम वाचून दाखवायचे. ह्यांना लई दिमाख होता त्या काचेचा. मलाबी.

तर गेल्या दिवाळीनंतर तो पलीकडचा प्लॉट विकला गेला. विटांचा ट्रक आला, मागनं वाळू आली. मी ओट्यावर उभी. ट्रकच्या मागं मोटारसायकल थांबली, अन् मागच्या सीटवरून कोण उतरावं? पांढरी झालेली, पण तशीच ताठ, सारजाबाई.

"वैनी! तुमी व्हय शेजारी? बरं झालं बाई, वळखीचं माणूस!" ती म्हणली.

तिचा सोमेश्वर गुरांचा डॉक्टर झालाय. आधी वडवणीला होता, बदली होऊन केजला आला. आई-बापाला गावाकडून आणायचं म्हणून घर बांधणार. हे सगळं ती मला फाटकात उभी राहून सांगत होती अन् मी हसून मान हलवत होते. माझ्या डोक्यात एकच. आता इथं भिंत उठणार. माझी खिडकी गेली.

रामला फोन केला. तो म्हणला, "आई, त्यात काय एवढं? खिडकी गेली तर एक्झॉस्ट फॅन लाव. मी ऑनलाइन पाठवतो." मी फोन ठेवला.

आखणीच्या दिवशी मी खिडकीतून हलले न्हाई. राधाकिशन गवंडी, अर्धी कॉलनी त्यानंच बांधलेली, दोऱ्या ताणत होता, चुन्याची फक्की टाकत होता. सोमेश्वरच्या हातात नकाशा. अन् तो नकाशा त्यानं कुणापुढं धरावा? आईपुढं! "आई, तुझी खोली कुठं काढू, सांग. चूल कुठं पायजे? दार कुठल्या अंगाला?" अन् ती बाई अनवाणी त्या प्लॉटवर हिंडत होती. इथं नको. हां, इथं. थोडं तिकडं. सून स्वप्ना मागं छत्री धरून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या घराचा नकाशा मी चहाच्या कपातून चोरून बगितला होता हो!

मग सारजाबाईनं परात मागवली. पाण्यानं काठोकाठ भरली, जमिनीवर ठेवली अन् उकिडवी बसून कितीतरी वेळ पाण्याच्या काठाकडं बगत राहिली. मग परात उलटी केली अन् पाणी कुठं धावतंय ते बगितलं. राधाकिशन हसला. तिनं लक्ष दिलं न्हाई. कळप कुठं बसवायचा, कुठं पाणी साचंल अन् कोकरं भिजतील, हे बगण्यात जन्म गेला तिचा. मग ती उठली, बोट करून माझ्या खिडकीकडं दाखवलं, अन् सोमेश्वरच्या कानात काहीतरी बोलली. सोमेश्वर "अगं, पण तुझीच खोली..." असं म्हणत होता. ती हट्टाला पेटली. शेवटी दोरी सरकली.

कुठं सरकली ते कढीपत्त्याच्या आडून मला नीट दिसलं न्हाई. पण दिसायला कशाला पायजे? माझ्या खिडकीकडं बोट करून सरकवलेली दोरी माझ्याच अंगावर येणार. बघून घेते म्हणलं.

जोतं उठायला लागलं. रोज एक थर. माझ्या ओट्याच्या बराबर आलं, थांबंल म्हणलं. थांबलं न्हाई. वर, अजून वर. पूर्ण झालं तवा मी माझ्या ओट्यावर उभी राहिले तर तिचा चौथरा माझ्या गुडघ्याच्या वर! तिनं दारात बसून चहा प्यायचा अन् खाली माझ्या ओट्याकडं बगायचं. पाटलाची सून खाली अन् मेंढरंवाली वर. हो, असंच आलं माझ्या मनात. कशाला खोटं बोलू?

ब्लाऊजची मापं घ्यायची टेप काढली. कामावरची माणसं जेवायला बसली तसं मोजलं. जोतं माझ्यापेक्षा दीड फूट उंच. अन् माझ्या भिंतीपासून तिच्या जोत्यापर्यंत अंतर किती? पाच फूट. त्यातले तीन आपले. म्हणजे तिनं सोडले किती? दोन! काचेवरच्या नियमात तीन लिहिलेत, अन् या बाईनं दोनच सोडले! मला एवढा आनंद झाला की सांगता सोय न्हाई. सापडली. आता जोतं फोडायला लावते अन् भिंत मागं सारायला लावते. खिडकीबी वाचली अन् नाकबी राहिलं.

मालकांना म्हणलं, "अर्ज द्या."

ते पेपर वाचत होते. पेपर खाली घेतला न्हाई. "राहू दे, वनमाला. शेजारधर्म हाय. नाहक मोजायला लावू नको."

"कावून? तुमच्याच काचेत लिहिलंय ना?"

"मोजायला लावू नको म्हणतो ना मी."

अन् त्यांनी पेपर आणखी तोंडापुढं ओढला. मला वाटलं, म्हातारा भितोय, आता डॉक्टरशी वैर नको म्हणत असंल. मी सातवी पास. अर्ज मीच लिहिला, मीच नगरपंचायतीत नेऊन दिला, अन् पोच घेतली. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला मी रिक्षा करून गेलते.

चार-पाच दिवसांनी मोजणारे साहेब आले. तरुण होते, गळ्यात ओळखपत्र, हातात पोलादी टेप. मी नवी साडी नेसले होते. सारजाबाई अन् हरिबा तिकडून आले, सोमेश्वर रजा टाकून थांबला होता. आजूबाजूच्या बायका आपापल्या फाटकात. हे पार मागं, जिन्यापाशी.

"आधी जोतं बघा," मी म्हणलं. "दोन फुटांचा नियम हाय. हे किती उंच हाय ते दिसतंयच."

साहेबांनी रस्त्यावर टेप टेकवली, वर धरली. "दोन फूट. बरोबर आहे, बाई."

"कसं बराबर? माझंबी दोन फूटच हाय. मग ते माझ्यापेक्षा उंच कसं?"

साहेब माझ्या ओट्याकडं आले. मोजलं. "तुमचं आता अर्धा फूट आहे. रस्ता किती वेळा झाला इथला?"

रस्ता तीनदा झाला. दर वेळी जुन्या रस्त्यावरच नवा टाकला. ठेकेदार आधी खोदतो म्हणायचा, अन् आमचे मालकच म्हणायचे, खोदू नका, धूळ होती, लोकांना तकलीफ होती, वरूनच टाका, लौकर दिसू द्या. तीनदा नारळ ह्यांनीच फोडला. तीनदा पेढे मीच वाटले. रस्ता दीड फूट वर आला अन् आमचं जोतं जागच्या जागी खाली गेलं, अन् मी पेढे वाटत होते! फाटकातली सत्यशीला पदर तोंडाला लावून हसली. तिचंबी घर बुडालेलंच हाय, पण तिला हसायला काय जातंय.

"असू द्या," मी म्हणलं. "बाजूचं अंतर मोजा. तीन फूट सोडायला पायजेत. हिनं दोनच सोडलेत."

सोमेश्वर पुढं आला अन् साहेबांच्या कानाशी हळूच म्हणला, "साहेब, तेवढं राहू द्या ना."

"कावून राहू द्या?" मी गरजले. "आता कावून राहू द्या? मोजा म्हणते मी!"

मोजणीचा कागद निघाला. साहेबांनी हद्दीचा दगड शोधायला सांगितलं. राधाकिशननं कुदळ घेतली. मी म्हणलं, दगड तिकडं, कढीपत्त्याच्या पलीकडं असंल. तो मात्र कागद बगून सरळ माझ्या भिंतीच्या बुडाशी आला. चार घाव घातले अन् दगडावर कुदळ वाजली. माझ्या भिंतीला चिकटून. माझ्या खिडकीच्या बराबर खाली.

तीन फूट नव्हतेच. कधीच नव्हते. ह्यांना दिवाणखाना मोठा पायजे होता, म्हणून भिंत हद्दीवर नेली होती, अन् मला सांगितलं, बाहेर तीन फूट आपले. पस्तीस वर्षं मी दुसऱ्याच्या जागेतला कढीपत्ता खात होते. ज्यांनी नियम काचेत लावले त्यांनीच पहिल्या घराला मोडले, अन् मग पस्तीस वर्षं लोकांना त्या काचेवर बोट ठेवून दाखवलं. मी जिन्याकडं बगितलं. हे आपल्या चपलांकडं बगत होते.

"तुमच्या मंजूर नकाशात तीन फूट दाखवलेत," साहेब म्हणले, "जागेवर नाहीत. हद्दीवरच्या भिंतीला खिडकी काढता येत नाही, बाई. यांनी लेखी हरकत घेतली तर तुम्हाला ती बुजवावी लागेल." अन् ते सारजाबाईकडं वळले. "काय आजी, हरकत आहे का?"

सगळी कॉलनी तिच्याकडं बगत होती. आता ही बाई बोलंल अन् माझी खिडकी जाईल. आपणच साडी नेसून बोलावून आणलं मरण.

"कशाची हरकत?" सारजाबाई म्हणली. "खिडकी वैनीची हाय. राहू द्या की."

इथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पण सोमेश्वरला राहवलं न्हाई. "साहेब, आमाला मोजणीतच कळलं होतं की हे पाचही फूट आमचे हायत. नियमानं तीन सोडून भागलं असतं. आईनं पाच सोडायला लावले. आखणीच्या दिवशी दोरी आत सरकवली. तिची स्वतःची खोली दोन फुटांनी आखूड झाली. मी किती सांगितलं, ऐकलं न्हाई."

"का हो आजी?" साहेबांनी विचारलं.

"वैनीला दिवस उगवलेला दिसाया पायजे ना," ती म्हणली. एवढंच. अन् पदरानं हात पुसत घराकडं निघाली.

तुमाला वाटंल, मला लाज वाटली असंल. वाटली. पण एका घडीपुरतीच. त्याच्यामागनं जो राग आला, तो अजून गेला न्हाई. तिनं हरकत घेतली असती तर मी भांडले असते. हरले असते तर तिला शिव्या घालत बसले असते, त्यातबी एक सुख असतं. पण दया? तिनं सोडलेल्या जागेतून येणाऱ्या उन्हात मी भाकरी थापायची? अन् एवढ्या वर्षांपूर्वीचं बोलणं तिच्या ध्यानात होतं, म्हणजे माझं दुखणं तिला पहिल्यापासून ठाऊक होतं! एवढं मोठं मन असायचा हक्क तिला कुणी दिला?

घरी येऊन ह्यांना म्हणलं, "मला तरी सांगायचं होतं."

"तू खिडकी मागितलीस, मी दिली," हे म्हणले. "बाकीचं तुला काय करायचं होतं?"

घर पुरं झालं. वास्तुशांतीचं आवतन द्यायला सारजाबाई अन् स्वप्ना दोघी आल्या. माझा पाय मुरगळला होता, म्हणजे मुरगळला असं मी सांगितलं. हे गेले, पोटभर जेवले, अन् येऊन पुरणपोळीचं कौतुक करत बसले. दारात मेंढरू बांधतील अन् मी काचेवर बोट ठेवीन, म्हणून महिनाभर वाट बगितली. कोकरूसुद्धा आणलं न्हाई मेल्यांनी.

अन् मग सुरू झाला खरा छळ. तिच्या खोलीची खिडकी माझ्या खिडकीच्या समोर. तिची जमीन दीड फूट वर, त्यामुळं मला सगळं दिसायचं, नाटक बगितल्यावानी. सकाळी हरिबा खाटेवर बसून लसूण सोलायचा अन् सोललेली पाकळी तिच्या पुढ्यातल्या वाटीत टाकायचा. दुपारी स्वप्ना सासूच्या डोक्याला तेल लावायची. सांजच्याला सोमेश्वर आला की हातपाय धुऊन थेट आईच्या खाटेवर, ताट मांडीवर, अन् पहिला घास तिच्या तोंडात. ती "अरं, जेवले मी" म्हणायची अन् तोंड उघडायची. मी इकडं कणीक मळत उभी. आमचे हे बैठकीत टीव्हीपुढं. रामचा फोन रविवारी, तोबी "बरंय ना? बरं ठेवतो." त्यानं पाठवलेला एक्झॉस्ट फॅन खोक्यातच हाय अजून.

माझा जीव पोखरायला लागला. भाजी करपायची, दूध उतू जायचं. शेवटी एक दिवस राधाकिशनला बोलावलं.

"ही खिडकी बुजव."

"कावून वैनी?" तो दचकला. "एवढं रामायण झालं हिच्यापायी, अन् त्यांनी तर हरकत घेतली न्हाई."

"झुरळं येतात. तू बुजव."

त्यानं झडपा काढल्या, विटा रचल्या. वरच्या थराला आला तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "राधाकिशन, ती कोपऱ्यातली एक वीट नुसती ठेव. सिमेंट लावू नको. हवेला." त्यानं माझ्याकडं बगितलं अन् वीट कोरडीच बसवली. माणूस शहाणा हाय.

सैपाकघरात आता दिवसा ट्यूब लावावी लागती. दिवस उगवला ते नळाला पाणी आलं की कळतं. कढीपत्ता बाहेर राहिला, तो तिनं तोडला न्हाई, उलट रोज तांब्याभर पाणी घालती. मी बाजारातून आणते, सुकलेला.

अन् ती वीट? काढते मी. लपवून काय करू. हे जेवून आडवे झाले की स्टुलावर चढायचं, वीट हळूच ओढायची, अन् एक डोळा लावायचा. पाच मिनिटं बगायचं, जळायचं, अन् वीट परत सारायची. कधी दिवसातून दोनदा, कधी चारदा. वीट खरबरीत, बोटं सोलून निघाली. हळद लावली अन् ह्यांना सांगितलं, किसणी लागली.

आज दुपारी असंच चढले, वीट ओढली, डोळा लावला. खाट रिकामी. हरिबा न्हाई, स्वप्ना न्हाई, कुणी न्हाई. मला चुकल्यावानी झालं. एवढ्यात खालून, अगदी भिंतीच्या बुडातून आवाज आला. सारजाबाई कढीपत्त्याला पाणी घालत उभी होती. तिनं वर मान केली न्हाई.

"वैनी, ती वीट आता बाहेरच ठिवा. काढ-घाल करून बोटं सोललीत तुमची."

मी धाडकन वीट आत सारली. स्टुलावरून उतरले. अंधारात ओट्याला टेकून उभी राहिले अन् तिला मनातल्या मनात हजार शिव्या घातल्या. मेली, चोरटी, कान देऊन ऐकत बसती.

मग माझं लक्ष बोटांकडं गेलं. महिना झाला मी त्या बाईसमोर गेले न्हाई. फाटकात ती दिसली की मी आत शिरते. मग माझी बोटं सोललीत हे तिला कसं कळलं? एवढ्याशा भोकातून, वीट धरताना, तेवढीच दिसत असतील. म्हणजे मी तिकडं डोळा लावायचे तवा तीबी इकडंच बगत असायची. रोज.

तिच्या घरात बगण्यासारखं लई काही हाय, ते मी सांगितलंच. पण माझ्या या बुजवलेल्या खिडकीत, या अंधाऱ्या सैपाकघरात, तिला रोज बगावं असं काय सापडलं? दुपारपासून हाच विचार डोक्यात घुमतोय. तिला विचारायचं तर वीट काढावी लागंल.

काढलीय. ओट्यावर ठेवलीय, गव्हाच्या डब्याशेजारी. अजून परत लावली न्हाई.